दोन रिंगणं

सिनेमा सुटल्यावर रिक्षात बसलो आणि जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतेय. शेजारी भाची होती. थिएटरमधून बाहेर पडल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. सिग्नलला रिक्षा थांबली तशी वळून म्हणाली, "मावशी, हे तर रेमिकचं गाणं." मी गप्प झाले. रायन कूगलरचा 'सिनर्स' बघून आल्यावर ओठांवर ब्लूज, काळ्या अमेरिकनांचा तो दुःखातून आलेला सूर, यायला हवा होता. त्यातल्या गिटारवाल्या सॅमीचा तो कोवळ्या वयाला न शोभणारा खर्जातला आवाज, तारेवरून घसरत जाणारा गिटारचा सूर. आलं ते रेमिक आणि त्याच्या टोळीतल्या रक्तपिपासूंचं गाणं, अंधारात डोळे चमकणारी, तोंडं रक्तानं माखलेली माणसं फेर धरून नाचतात तेव्हाचं. पुढे कितीतरी दिवस कपडे वाळत घालताना, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी असताना तीच चाल. मी ती तोडायची, सॅमीचं गाणं मुद्दाम आठवायची, आणि थोड्या वेळानं पाय पुन्हा त्याच ठेक्यावर हलायला लागायचा.

ते गाणं मला का आवडलं, हे मला कळायला हवं होतं.

गाणं आयर्लंडचं, एकोणिसाव्या शतकातलं. नऊ मात्रांचं, तीन-तीनच्या तुकड्यांनी पळणारं, श्वास घ्यायलाही उसंत न देणारं. त्यातली गोष्ट अशी की ट्यूम गावचा एक तरुण पोटापाण्यासाठी चालत डब्लिनला निघतो. तिथं त्याला लुटतात. मग तो जहाजात डुकरांच्या सोबतीनं लिव्हरपूल गाठतो. तिथली पोरं त्याच्या देशाला नावं ठेवतात, तो काठी उगारतो, आणि गॉलवेकडची पोरं त्याच्या बाजूनं धावून येतात. म्हणजे हे अपमानाचं गाणं आहे, आणि अपमान गिळून न बसणाऱ्या माणसाचंही. रेमिक ते गातो तेव्हा खोटं काही गात नाही. रेमिक झालेल्या जॅक ओकॉनेलचे त्या नाचातले पाय बघा. कित्येक वर्षं एकट्यानं भटकलेल्या माणसाला अखेर नाचायला सोबत मिळालीय, हे त्या पायांत दिसतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे, म्हणूनच तो बघवत नाही. कारण त्याच्याभोवती फिरणारी माणसं काही तासांपूर्वी लाकूड कापायच्या एका गिरणीत स्वतःचं गाणं ऐकत होती. दिवसभर कापूस वेचून आलेली, अंगाला साबण लावून, ठेवणीतले कपडे घालून आलेली माणसं. आता त्यांच्या तोंडी रेमिकचे शब्द आहेत, पायांत रेमिकची पावलं आहेत. त्यातलं एकही पाऊल चुकत नाही.

सिनेमात दोन रिंगणं आहेत. मला छळत होतं ते हे दुसरं. पण पहिलं नीट आठवल्याशिवाय दुसरं उलगडेना.

पहिलं रिंगण गिरणीच्या आत. १९३२ चा ऑक्टोबर, मिसिसिपीमधलं क्लार्क्सडेल. स्मोक आणि स्टॅक हे जुळे भाऊ शिकागोहून पैसा, आयरिश बिअर आणि इटालियन वाइन घेऊन परत आलेत. दोघेही मायकेल बी. जॉर्डननंच केलेत, आणि थोड्या वेळानं आपण ते विसरूनही जातो. दारूबंदी अजून उठलेली नाही. या गिरणीत आपल्या माणसांसाठी आपल्या मालकीचा जूक जॉइंट, म्हणजे दारूचा आणि नाचगाण्याचा अड्डा काढायचा, आजच रात्री. धाकटा चुलतभाऊ सॅमी गिटार हातात घेतो, बापाला उद्देशून गायला लागतो, आणि हळूहळू त्या गर्दीत अशी माणसं दिसायला लागतात जी तिथं असायचं कारण नाही. आफ्रिकेतले वादक येतात, इलेक्ट्रिक गिटारवाला येतो, तबकड्या फिरवणारा डीजे येतो, कित्येक दशकांनंतर जन्माला येणारी नाचणारी पोरं येतात. गिरणीत एक चिनी जोडपंही आहे, तर त्यांच्यासाठी चिनी ऑपेरातले नर्तक येतात. कॅमेरा कुठं न तुटता या सगळ्यांतून वाहत जातो आणि छप्पर पेट घेतं. आमच्याकडे लग्न झालं की गोंधळ घालायची रीत. संबळाचा ठोका, तुणतुण्याची तार, दिवटीचा तेलकट धूर, आणि गोंधळी एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचा: तुळजापूरची भवानी गोंधळा ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळा ये, जेजुरीचा खंडोबा गोंधळा ये. मी आजीच्या मांडीला रेलून दाराकडे डोळे लावून बसायचे, खरंच कुणी येतंय का बघायला. आजी मात्र कुणीतरी येऊन बसलंय अशा अदबीनं पदर सावरायची. थिएटरच्या अंधारात मला आजीचा तो हात आठवला आणि गळा दाटून आला. बोलावलं की येतात, आणि येतात ते आपापल्या वेशात, आपापली पावलं घेऊन. सॅमीच्या गाण्यात कुणालाही स्वतःचं काही दाराबाहेर काढून ठेवावं लागत नाही.

दुसऱ्या रिंगणात सगळे येतात आणि गाणं एकाचंच उरतं.

रेमिकचं म्हणणं मात्र सहज झटकून टाकता येत नाही. भाचीनं जेवताना नेमकं हेच विचारलं, "पण तो चूक काय बोलत होता गं?" तो म्हणतो, आमच्यात या. आमच्यात काळा-गोरा नाही, मरण नाही, कुणी एकटं नाही. ज्यानं तुम्हाला ही गिरणी विकली तो क्लॅनचा, म्हणजे काळ्यांचे जीव घेणाऱ्या गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅन टोळीचा म्होरक्या आहे, सकाळी माणसं घेऊन तो तुम्हाला मारायला येणार आहे, हेही तोच सांगतो, आणि ते शब्दशः खरं निघतं. १९३२ च्या मिसिसिपीत काळ्या माणसाला एवढं खरं सांगणारा गोरा दुसरा कोण होता? त्याच्या टोळीत खरोखर भेदभाव नाही. पहिल्यांदा त्यानं दात रोवले ते क्लॅनच्याच एका जोडप्याला, आणि आता तेही या काळ्या माणसांच्या हातात हात घालून नाचतायत. जे कुठल्या कायद्यानं जमलं नव्हतं ते त्यानं एका रात्रीत करून दाखवलं. एकमेकांच्या आठवणीसुद्धा त्यांच्यात वाटल्या जातात. म्हणून तर चिनी दुकानदार बो त्यांच्यात गेल्यावर रेमिक दाराशी उभा राहून बोच्या बायकोशी, ग्रेसशी, तिच्या बोलीत बोलतो, घरातल्या माणसासारखा. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो दातांनी किंवा रक्तानं एकदाही आला नव्हता. भाषा आली, आठवणी आल्या, नवरा-बायकोतल्या खाजगी गोष्टी आल्या, आणि त्या सगळ्याचा धनी कुठं गेला ते कुणी विचारायचं नाही.

रेमिक आणि ते क्लॅनचं जोडपं, हे तिघे पहिल्यांदा दाराशी येतात तेव्हा स्वतःची लायकी पटवायला एक गाणं म्हणतात. एका पाखराची पिसं उपटून त्याला साफ खाऊन टाकण्याचं. ते काळ्या गायकांनी आधी रेकॉर्ड केलेलं गाणं आहे, आणि हातात बँजो आहे, जो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातून अमेरिकेत आला. गोड गातात, सुरात गातात. आत घ्या म्हणून विनवताना ते आतल्यांचंच गाणं त्यांना ऐकवतायत. ब्लूज गोऱ्यांना आवडतो, ब्लूज करणारी माणसं आवडत नाहीत, अशा अर्थाचं सिनेमातला म्हातारा वादक डेल्टा स्लिम एकदा बोलून जातो. हे कळायला आपल्याला मिसिसिपीला जायला नको. ज्या हातांनी ढोलकी आणि हलगी वाजवली, ज्या बायकांनी लावणी नाचून पिढ्यांची करमणूक केली, त्यांची घरं गावाच्या कुठल्या अंगाला होती हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाणं दिवाणखान्यापर्यंत पोचलं, माणूस वेशीबाहेर राहिला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतलं ते ओकलंडमधल्या ब्लॅक पँथरवरून. या सिनेमाचा दिग्दर्शक रायन कूगलर त्याच ओकलंडचा, १९८६ चा जन्म. हा सिनेमा मराठी माणसानं लांबच्या देशातली भुताटकी म्हणून बघावा असं मला वाटत नाही.

डेल्टा स्लिमवर मला वेगळं लिहायला हवं खरं तर. डेलरॉय लिंडोनं केलेला हा म्हातारा दारुडा पियानोवाला. मोटारीतून जाताना रस्त्याकडेला साखळदंडातले कैदी राबताना दिसतात आणि तो आपल्या एका जुन्या साथीदाराची हकिगत सांगायला लागतो. दोघांनी गोऱ्यांच्या मेजवानीत वाजवून पैसे कमावले. साथीदाराला त्या पैशातून काय काय करायचं होतं. स्टेशनवर कुणीतरी ते पैसे पाहिले. काळ्याकडे एवढे पैसे म्हणजे चोरीचेच असणार, आणि मग बलात्काराचाही आळ. पडद्यावर यातलं काही दाखवत नाहीत. फक्त त्याचा चेहरा दिसतो आणि मागून त्या जमावाचे, त्या किंकाळ्यांचे आवाज ऐकू येतात. तो बोलता बोलता थांबतो. शब्द संपतात. घशातून हुंदक्यासारखं काहीतरी निघतं, ते लांबतं, त्याला सूर लागतो, हाताने ठेका धरला जातो, आणि मागच्या सीटवरचा पोरगा गिटार उचलतो. ब्लूज म्हणजे काय यावर पुस्तकं आहेत, मी त्यातली थोडीफार वाचलीही आहेत. पण विव्हळणं नेमकं कुठल्या श्वासाला गाणं होतं, ते मी या दृश्यात पाहिलं. लिंडोच्या गळ्याची शीर ताठ होते, डोळे रस्त्यावरच असतात. रडू आणि गाणं यांच्यामधली जागा बोटभरसुद्धा नाही.

फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळून आलेला माणूस. तो १८४५ मध्ये आयर्लंडला गेला तेव्हा दुष्काळाला तोंड फुटत होतं. पुढे त्यानं लिहून ठेवलंय की गुलामीतून सुटल्यावर तसली रडवी गाणी त्याच्या कानावर पुन्हा पडली ती फक्त आयर्लंडमध्ये, आणि ती ऐकून तो हलून गेला. या एका नोंदीनं माझ्या मनातला रेमिक बदलला. दोन दुःखांची ओळख पटली होती तर. कुणी कुणाला न गिळता पटली होती. रेमिकला सॅमी हवा आहे तो त्याच्या गाण्यातून आपली हरवलेली माणसं परत दिसावीत म्हणून. त्याच्या बापाची जमीन हिसकावली गेली, देव बदलायला लावला. शेवटी पाण्यात उभा राहून सॅमी जीव वाचवायला बायबलातली प्रार्थना म्हणू लागतो तेव्हा रेमिक घाबरत नाही, सुरात सूर मिसळतो, सगळी टोळी मिसळते. ज्यांनी जमीन लुबाडली त्यांनीच हे शब्द आमच्यावर लादले, तरी यांनी अजून बरं वाटतं, असं तो म्हणतो. इतकं खरं वाक्य दुष्टाच्या तोंडी घालायला धाडस लागतं. मला त्याची दया आली आणि तो मरावा असंही वाटलं, एकाच वेळी. भूक खरी असली म्हणून दुसऱ्याच्या ताटावर हक्क मिळत नाही. पण ती भूक खोटी ठरवली की सिनेमा निम्मा होतो.

शिवाय सॅमीचं गाणं मागणारा तो काही एकटा नाही. बाप पाद्री आहे, तो म्हणतो गिटार सोड, सैतान मागे येईल. जुळे भाऊ प्रेमानं सांगतात, शिकागोची स्वप्नं बघू नकोस, तिथंही हेच आहे, फक्त मळ्यांच्या जागी उंच इमारती. त्या भागात ब्लूज गाणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा घरोघरी माहीत. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बोटांत ती जादू आली म्हणे. तो १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. कूगलरनं दंतकथा उलटी केलीय: पोरगा काही विकायला निघालेलाच नाही, गिऱ्हाईक म्हणून सैतान दारात आलाय.

आणि तो आत कसा येतो हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमंत्रणाशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही, हा तर वॅम्पायरच्या गोष्टींचा जुना नियम. पण इथं दार उघडायला लावतात ते मळ्याचे बिल्ले. वाट्यानं शेती कसणाऱ्यांना मळेवाले खऱ्या पैशांऐवजी असले बिल्ले देत. ते चालायचे फक्त त्याच मळ्याच्या दुकानात. गिरणीत आलेली निम्मी माणसं दारूचे पैसे त्यातच देतात. रात्र ऐन रंगात आलेली असताना हिशेब होतो आणि कळतं की गल्ला भरलाय पण पैसा नाही. मग बाहेर त्या तिघा गोऱ्यांकडे खरं नाणं आहे, जरा बघून येते, असं म्हणून स्टॅकची जुनी मैत्रीण मेरी बाहेर जाते. मेरी जाते कारण ती गोरी दिसते. आईकडून रक्तात थोडा काळा अंश, तेवढ्यानं कायद्याच्या लेखी काळी, पण रस्त्यावर गोरी. रेमिकच्या हातात सोन्याची नाणी आहेत. ती परत येते तेव्हा मेरी राहिलेली नसते. म्हणजे मळेवाल्यानं छापलेल्या खोट्या पैशानं आधीच सगळं रक्त शोषून ठेवलं होतं. दातवाले नंतर आले.

सूर्य उगवल्यावर रेमिक आणि त्याची जवळजवळ सगळी टोळी जळून जाते. क्लॅनवाले त्याच उन्हात गाड्यांतून येतात, त्यांना काही होत नाही.

काही गोष्टी मला खटकल्या, त्याही सांगते. सुरुवातीला रेमिकचा पाठलाग करत चॉक्टॉ जमातीचे शिकारी येतात, धोक्याची सूचना देतात, आणि दिवस मावळायला आला म्हणून निघून जातात ते कायमचेच. १८३० च्या करारानं ज्यांच्याकडून मिसिसिपीची जमीन काढून घेतली गेली, ती ही माणसं. जमीन कुणाची, गाणं कुणाचं हे विचारणाऱ्या सिनेमात ती आणखी थोडा वेळ हवी होती. ग्रेसचंही तसंच. बो आणि ग्रेसची रस्त्याच्या दोन अंगांना दोन दुकानं, एक काळ्यांसाठी, एक गोऱ्यांसाठी, आणि त्यांची मुलगी मधला रस्ता ओलांडते तेव्हा कॅमेरा तिच्या मागोमाग जातो. त्या एका चालीत त्या समाजाची सगळी अवस्था आहे. जवळच्याच रोझडेलमधल्या एका चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, आणि १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. एवढी घट्ट विणलेली बाई, आणि शेवटी मुलीच्या काळजीनं वेडीपिशी होऊन तीच दारातून त्यांना या म्हणते. आईच्या जिवाची घालमेल मला कळते. पण सगळ्यांच्या मरणाचा भार तिच्या एका हाकेवर टाकला, हे मला आवडलं नाही.

ॲनीनं मात्र मला धरून ठेवलं. स्मोकची बायको, जडीबुटी आणि पूर्वजांची विद्या जाणणारी. वुनमी मोसाकूनं ती काय केलीय! त्यांचं बाळ गेलंय. तिनं स्मोकच्या गळ्यात बांधलेली ताईतासारखी पुरचुंडी त्याला वर्षानुवर्षं राखत आलीय, पण बाळाला तिची कुठलीच विद्या वाचवू शकली नाही, आणि हे तिचं दुःख ती कुणासमोर मांडत बसत नाही. काय समोर आलंय ते सर्वांत आधी तिला कळतं. ती नवऱ्याकडून वचन घेते की मला दात लागले तर तूच मला मारायचं. कारण एकदा त्यांच्यातली झालं की आत्मा देहात अडकून पडतो, आणि पलीकडे तिची वाट बघणारं कुणीतरी आहे. रेमिक देऊ करतो ते अमरत्व एका बाजूला आणि गेलेलं तान्हं दुसऱ्या बाजूला, तर तिचा निर्णय व्हायला क्षणही लागत नाही. सकाळी क्लॅनशी लढून मरायला टेकलेल्या स्मोकला ती दिसते, पांढऱ्या कपड्यांत, बाळाला पाजत. तो जवळ येऊ बघतो तर ती सांगते, आधी ती सिगरेट विझव, बाळाला धूर लागेल. थिएटरमध्ये माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस इथं रडत होता. स्वर्ग काय तर बायकोची ही हक्काची तक्रार.

ब्लूजच्या मालकीचा प्रश्न पडद्यावर संपत नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेला आणि तिथल्या एका ट्रॅक्टर चालवणाऱ्याची गाणी त्यानं टिपली. त्या माणसाला पुढे तबकडीच्या दोन प्रती आणि वीस डॉलर मिळाले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकला आणि आपण गाऊ शकतो अशी त्याची खात्री पटली, म्हणून १९४३ मध्ये त्यानं शिकागोची गाडी धरली. तो मडी वॉटर्स. लोमॅक्सचे उपकार मी नाकारत नाही, त्याच्याविना कितीतरी आवाज मातीत गेले असते. पण शेकडो मैलांवरून कानात यंत्र लावून आलेल्या माणसाच्या पेटीत गाणं गेलं, एवढंही खरंच. कूगलरनं हा सिनेमा करताना स्टुडिओशी जो करार केला त्यात पंचवीस वर्षांनी सिनेमाची मालकी त्याच्याकडे परत यायची अट घातली. हॉलिवूडमध्ये त्यावर बरीच कुरकुर झाली. मला त्यात सिनेमाचाच एक प्रसंग दिसतो.

तो प्रसंग कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही. पुष्कळांनी तक्रार केली की पहिला तासभर काहीच घडत नाही, भुतं फार उशिरा येतात. मी पुन्हा बघेन ते त्याच तासासाठी. शेवटी १९९२ च्या शिकागोत म्हातारा सॅमी, म्हणजे साक्षात ब्लूजचा नामांकित गिटारवादक बडी गाय, गालावर ओरखड्यांचे वण घेऊन बसलाय, आणि त्या रात्री मेरीच्या दातांनी त्यांच्यातलाच झालेला, सकाळच्या उन्हातून निसटलेला, कधीच म्हातारा न होणारा स्टॅक त्याला अमर करायला आलाय. सॅमी नको म्हणतो. पण सूर्य मावळेपर्यंतचा तो दिवस आयुष्यातला सर्वांत चांगला होता, यावर दोघांचं एकमत आहे. तोच दिवस त्या पहिल्या तासात आहे. मासळीचा भाव ठरतोय, पाटी रंगवायचे किती घेणार यावर घासाघीस चाललीय, कापसाच्या शेतातून दारावर उभं राहायला धिप्पाड कॉर्नब्रेडला उचलून आणलंय. आणि क्लार्क्सडेलच्या रस्त्यावर स्मोक एका लहान पोरीला आपल्या ट्रकवर नजर ठेवायला सांगतो. मिनिटाला इतके सेंट देईन म्हणतो. पोरगी आनंदानं लगेच हो म्हणते. तो तिला थांबवतो, समोर उभी करतो आणि भाव कसा करायचा ते शिकवतो: मी सांगितलेला पहिला आकडा घ्यायचा नाही, तू तुझा आकडा सांगायचा. ती सांगते, तो खाली ओढतो, ती थोडी वर जाते. सौदा पक्का होतो, आणि पोरगी ट्रकपाशी जाऊन उभी राहते.